पस्तिशीतले एमबीबीएस

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यालगतच्या सोसायट्यांत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणारी माणसे तिशी ओलांडलेली असतात. कोणी ऐरोलीच्या आयटी कंपनीत, कोणी बँकेत, कोणी औषधाच्या दुकानात, कोणी दहा वर्षे वॉर्डात काढलेली परिचारिका. बारावीला मार्क थोडक्यात हुकले म्हणून, किंवा घरी पैसे नव्हते म्हणून, किंवा त्या वयात नीट कळलेच नव्हते म्हणून ही माणसे दुसरीकडे वळली. मग २०२० साल आणि करोना आले. कोणाच्या घरात ऑक्सिजनची धावाधाव झाली, कोणी आई-वडिलांच्या आजारपणात महिनोन्महिने रुग्णालयात बसून काढले, आणि जुनी इच्छा पुन्हा वर आली. प्रश्न असा : आता या वयात डॉक्टर होता येईल का?

कायद्याचे उत्तर ‘हो’ असे आहे, आणि ते फार जुने नाही. जानेवारी २०१८ मध्ये नियम बदलून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी कमाल वय खुल्या गटाला २५ आणि राखीव गटाला ३० ठरवण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ही मर्यादा ग्राह्य धरली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचविशीपुढच्यांना २०१९ च्या परीक्षेला तात्पुरते बसू दिले, आणि पुढची काही वर्षे अंतिम निकालाच्या अधीन राहून अर्ज भरण्यात गेली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २१ ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत कमाल वयाची अट ठेवायची नाही असे ठरवले आणि ९ मार्च २०२२ रोजी परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला तसे कळवले. आज वयाची अट एकच आहे : प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षे पूर्ण हवीत. किती वेळा बसायचे यालाही बंधन नाही. अपवाद पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा. तिथे कमाल वयाची अट आहेच, शिवाय उमेदवार अविवाहित लागतो.

अट गेली हे चांगलेच झाले. पण त्यापुढची सगळी व्यवस्था, परीक्षेपासून वेळापत्रकापर्यंत आणि शुल्कापासून सरकारी भरतीपर्यंत, अठरा वर्षांच्या मुलाला समोर ठेवूनच उभी आहे. मोठ्या माणसाला आत यायला हरकत नाही एवढेच आपण ठरवले आहे. तो आल्यावर काय, याचा विचार झालेला नाही. या लेखात मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

आपल्याकडे हे नेहमी असे नव्हते. कल्याण-डोंबिवलीत वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला की आनंदीबाई जोशींचे नाव निघते, आणि ते रास्तच आहे. त्यांचे माहेर कल्याणचे. पण त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. आपल्या प्रश्नाला जवळची उदाहरणे दुसरी आहेत. भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टन संस्थेत रसायन आणि निसर्गविज्ञान शिकवत होते. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाल्यावर शिक्षकाची नोकरी सोडून ते तिथे विद्यार्थी म्हणून बसले आणि १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत होते. डॉ. रखमाबाईंचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. बालविवाह नाकारल्यावर त्यांच्यावर भरलेला खटला १८८४ ते १८८८ अशी चार वर्षे चालला. तो संपला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आणि त्या काळाच्या हिशेबाने त्यांचे आयुष्य ‘मार्गी लागण्याचे’ वय उलटून गेले होते. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या, १८९४ मध्ये पात्र ठरल्या, आणि पुढची तीन दशकांहून अधिक वर्षे सुरत आणि राजकोटला त्यांनी रुग्णालये चालवली. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकलमध्ये शिकवत. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि इंग्लंडला जाण्यासाठी निधी जमवला गेला. म्हणजे उशिरा निघालेल्या या विद्यार्थिनीमागे घर, जाणकार माणूस आणि पैसा अशा तीनही गोष्टी होत्या. आजही त्याच तीन लागतात.

आणखी एक गोष्ट आपण विसरलो आहोत. पदवीधर नसलेल्या परवानाधारक डॉक्टरांची, म्हणजे एलएमपी किंवा एलसीपीएस यांची, वेगळी पातळी १९४६ च्या भोर समितीच्या शिफारशीनंतर बंद होत गेली. त्या काळात, वर्षानुवर्षे दवाखाना चालवलेल्या या डॉक्टरांसाठी कंडेन्स्ड एमबीबीएस हा छोटा अभ्यासक्रम होता. त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकायला लावले नाही. त्यांचा अनुभव जमेस धरला गेला. अनुभवी प्रौढासाठी वेगळी वाट आखणे या देशाला नवे नाही.

आता परीक्षा. नीट ७२० गुणांची असते. १८० प्रश्न, १८० मिनिटे, बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनाचे. मराठीतूनही देता येते. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यांतल्या जवळपास निम्म्या शासकीय. इथे एक गैरसमज अनेक घरांत दिसतो. ‘नीट पास’ होणे आणि जागा मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. खुल्या गटाचा पात्रता गुण २०२४ साली १६२ होता आणि २०२५ साली १४४. एवढ्या गुणांवर शासकीय महाविद्यालयाचा विचारही करता येत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रात खुल्या गटातल्या शासकीय जागेसाठी सहाशेच्या बरेच वर जावे लागले. २०२५ ला भौतिकशास्त्राचा पेपर अवघड निघाला आणि ती रेषा शंभराहून अधिक गुणांनी खाली आली. म्हणून गेल्या वर्षीच्या एका आकड्यावर कोणी आयुष्याचा निर्णय बांधू नये.

ज्यांनी बारावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतले होते, त्यांची वाट पूर्वी इथेच संपायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने जाहीर केले की बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण केले तरी चालेल. इंजिनिअर झालेल्यांसाठी हा मोठाच दिलासा आहे. राज्य मंडळाकडे एकच विषय घेऊन बसण्याची सोय आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही आहे. पण भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के (राखीव गटाला ४०) हवेतच. वीस वर्षांपूर्वीची गुणपत्रिका कपाटातून काढून ही बेरीज आधी करावी. क्लासची फी भरल्यावर ती करणारे लोक आहेत.

अभ्यासाचे खरे दुखणे वेगळेच आहे. पस्तिशीतल्या माणसाला समजायला अडचण येत नाही, उलट रक्ताभिसरण किंवा मधुमेह त्याला अठरा वर्षांच्या मुलापेक्षा लवकर कळतो, कारण त्याने तो घरात पाहिलेला असतो. त्याला अडचण येते ती वेगाची आणि पाठांतराची. एका प्रश्नाला एक मिनिट. एनसीईआरटीच्या पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे आठवले तर गुण, नाहीतर वजा. त्यात अभ्यासक्रम ऑक्टोबर २०२३ मध्ये छाटला गेला; जीवशास्त्रातून पचन आणि शोषण, वनस्पतींमधले वहन असे धडे वगळले गेले. पुतण्याची किंवा शेजारच्या मुलीची जुनी पुस्तके आणून वाचणारा माणूस दोन महिने नको ते पाठ करत बसतो. डोंबिवलीत अभ्यासिका भरपूर आहेत, रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात, आणि नोकरी करणाऱ्याला घरापेक्षा तिथे शांतता मिळते. रिपीटर बॅच मात्र सगळ्या सकाळच्या. क्लाससाठी लातूरला जाऊन वर्षभर राहणे हे एकोणीस वर्षांच्या मुलाला जमते. गृहकर्जाचा हप्ता आणि पहिलीतले मूल असलेल्याला नाही. माझे मत असे की संध्याकाळी सात ते दहा शिकवणारी, फक्त नोकरदारांची एक बॅच डोंबिवलीत निघाली तर ती चालेल. मागणी आहे.

प्रवेशाच्या टेबलावर मोठ्या वयाचा म्हणून वेगळा त्रास होतो तो कागदपत्रांचा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झाल्याचे पुरावे, आणि मधल्या इतक्या वर्षांत काय केले याचे शपथपत्र लागते. ज्याला सगळे ‘गॅप’ म्हणतात ती खरे तर पंधरा वर्षांची नोकरी असते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर दहावीचे नाव, आधारवरचे नाव आणि राजपत्र हे सगळे नीटचा अर्ज भरण्याआधीच जुळवून घ्यावे. राज्य सीईटी कक्षाची फेरी सुरू झाली की दोन-चार दिवसांत कागद अपलोड करायचे असतात. तेव्हा कल्याणच्या तहसील कचेरीत रांग लावून भागत नाही.

जागा कुठे मिळू शकते? ठाकुर्लीकरांच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांत एक चांगला बदल झाला आहे. ठाणे महापालिकेचे कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय १९९२ पासून आहे. अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांतले ते एक. ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही, पण इथे त्याने बिघडत नाही. स्लो लोकलने डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा आणि मग कळवा. उलट दिशेला कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. घरी राहून शिकणे ज्याला भाग आहे त्याच्यासाठी ही दोन नावे पसंतीक्रमात कुठे घालायची हा मोठा निर्णय ठरतो. नाव मोठे म्हणून परळचे केईएम वर आणि कळवा खाली, असा अठरा वर्षांच्या मुलाचा क्रम त्याने डोळे मिटून उतरवू नये.

कारण एमबीबीएस अर्धवेळ होत नाही. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. साडेचार वर्षे अभ्यास, मग एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा आणि पहिल्या वर्षाला चारच संधी, असा २०२३ चा नियम आहे. पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांचे. सकाळी शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभे राहायचे, फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात, हाताला वास दुपारच्या डब्यापर्यंत राहतो, आणि मनगटातून जाणाऱ्या कंडरांची आणि नसांची नावे क्रमाने सांगायची असतात. ही नावे तर्काने काढता येत नाहीत, रोज संध्याकाळी घोकावीच लागतात. मोठ्या विद्यार्थ्यांची इथे सर्वांत जास्त दमछाक होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाला की चित्र पालटते. रुग्णाची हकीकत विचारणे, नातेवाइकांशी बोलणे, रात्री दोन वाजता न चिडता उत्तर देणे, हे ज्याने परिचारिका म्हणून, औषधाच्या काउंटरवर किंवा शाळेच्या वर्गात केलेले असते, त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परीक्षेने ज्याची कधी दखलच घेतली नाही तो गुण इथे उपयोगी पडतो.

पैशाचे बोलू. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात असते. खासगीत ते कित्येक पटींनी वाढते, आणि अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढचे शुल्क नवे राहिलेले नाही. पण प्रौढाचा मोठा खर्च शुल्क हा नसतोच. महिना साठ हजार पगार सोडणाऱ्याने एक वर्ष तयारीचे आणि साडेपाच वर्षे अभ्यासक्रमाची धरली तर बुडालेला पगारच ४६ लाख ८० हजार होतो, वाढ न धरता. त्यामुळे शासकीय जागेशिवाय हा विचार करू नये, असे मी कोणालाही स्पष्टच सांगेन. परदेशी स्वस्तात होईल म्हणणाऱ्या एजंटांच्या जाहिराती स्टेशनबाहेर दिसतात. तिथेही नीट लागतेच. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथली इंटर्नशिप आणि परत आल्यावर ३०० पैकी १५० गुणांची परीक्षा, मग इथली इंटर्नशिप. चाळिशीकडे झुकलेल्या, मुले असलेल्या माणसाला यात काही स्वस्त पडत नाही.

शासकीय जागा म्हटली की एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. २०२० च्या अखेरीस ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने चौसष्टाव्या वर्षी बुर्ल्याच्या शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेतला. कौतुक झाले, तसेच विचारलेही गेले की जनतेच्या पैशाची ही जागा, ती जेमतेम काही वर्षे सेवा देऊ शकणाऱ्याला का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण त्याचे उत्तर पंचविशीची भिंत हे नाही. पस्तिसाव्या वर्षी शिरलेला माणूस एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टर होतो आणि पासष्टीपर्यंत चोवीस वर्षे काम करतो. अठराव्या वर्षी शिरून पदवीनंतर परदेशी गेलेला या देशाला किती वर्षे देतो, हा हिशेबही मग मांडावा लागेल. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून निघालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची असते, नाहीतर दहा लाखांचा दंड. मोठ्या वयात येणाऱ्याकडून वयाचा दाखला मागण्याऐवजी पाच वर्षांच्या सेवेचे हमीपत्र घ्यावे. मुळे रुजलेली, घर इथेच असलेली माणसे ते आनंदाने देतील.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. अमेरिकेत तर वैद्यकीय शिक्षण पदवीनंतरच सुरू होते. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९६ साली पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, इंग्लंडमध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसने २००० साली. या अभ्यासक्रमांसाठी गॅमसॅट नावाची वेगळी परीक्षा आहे. तीत विज्ञानाबरोबर लेखन आणि मानव्यशास्त्रातले आकलनही तपासतात, आणि पुढे मुलाखत असते. मोठ्या माणसाला बारावीच्या मुलाच्या पट्टीने मोजायचे नाही, हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे एकच परीक्षा असण्यामागे कारण आहे, मुलाखत म्हटली की वशिला येतो ही भीती खोटी नाही. पण वेगळी लेखी परीक्षा घ्यायला ती भीती आड येत नाही.

पदवी हातात आल्यावर पुन्हा वय आडवे येते, याकडे फार कमी लोक आधी पाहतात. राज्य शासनाच्या नोकरीची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. वैद्यकीय पदांना वेळोवेळी सवलती मिळतात, पण त्या जाहिरातीगणिक बदलतात. एमडी करायचे तर पुन्हा नीट-पीजी, तीन वर्षांची रेसिडेन्सी, छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या. पंचेचाळिसाव्या वर्षी हे शरीराला झेपेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते उशिरा येणाऱ्याने एमबीबीएसवर थांबण्याची तयारी मनाशी आधीच करावी आणि त्यात कमीपणा मानू नये. डोंबिवलीत आज गुडघ्याचा वेगळा, मणक्याचा वेगळा, साखरेचा वेगळा तज्ज्ञ आहे. पण घरातल्या तिन्ही पिढ्यांना ओळखणारा, रात्री फोन उचलणारा फॅमिली डॉक्टर मिळत नाही. ज्यांचे दवाखाने रामनगर-टिळकनगरात चाळीस वर्षे चालले त्यांची मुले तज्ज्ञ झाली, आणि ते दवाखाने बंद होत आहेत. जगाचा अनुभव घेऊन आलेला चाळिशीतला एमबीबीएस डॉक्टर याच जागेसाठी सर्वांत योग्य माणूस आहे.

ज्याला रुग्णसेवेत यायचे आहे पण एवढी वर्षे देता येत नाहीत, त्याच्यासाठी बाजूच्या वाटा आहेत. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालय प्रशासन यांचे दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. इंजिनिअरला पवईच्या आयआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीला मात्र नीटच लागते आणि वर्षेही तेवढीच, त्यामुळे ‘सोपी वाट’ म्हणून तिकडे जाऊ नये. त्या शास्त्रावर विश्वास असेल तरच जावे.

राहता राहिले घर. नवऱ्याने नोकरी सोडून शिकायचे म्हटले तर बायकोचा पगार असतो, सासू-सासरे मुले सांभाळतात, आणि सगळे त्याला जिद्दी म्हणतात. बायकोने म्हटले तर पहिला प्रश्न डब्याचा येतो. परिचारिका म्हणून बारा-पंधरा वर्षे काढलेल्या, डॉक्टरांच्या सगळ्या चुका आणि सगळी कौशल्ये जवळून पाहिलेल्या किती बाया केवळ या प्रश्नापाशी थांबल्या असतील! त्यांच्यासाठी तरी शासनाने काही करावे. शासकीय आणि पालिकेच्या रुग्णालयांत ठरावीक वर्षे सेवा केलेल्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि औषधनिर्मात्यांना कळवा-अंबरनाथसारख्या महाविद्यालयांत दरवर्षी चार-पाच जागा, त्यासाठी स्वतंत्र लेखी परीक्षा, शिकत असताना निम्मा पगार आणि नंतर त्याच रुग्णालयात पाच वर्षे सेवा. आयोगाने नियमात एक कलम घालावे आणि ठाणे महापालिकेने आपल्या महाविद्यालयात त्याची सुरुवात करावी.